फ्रीडॉस प्रकल्प नोंदी : तीस वर्षांची कालरेषा आणि एक कर्नल बांधणी

फ्रीडॉस म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जागी चालणारी, मुक्त कोडची ऑपरेटिंग सिस्टीम. कामाचा आवाका : फ्रीडॉसच्या टप्प्यांच्या तारखा पक्क्या करणं, जमेल त्या टप्प्याची बूट होणारी डिस्क इमेज लावून ठेवणं आणि सध्याचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) मूळ कोडपासून बांधणं. नोंदी कामाच्या क्रमाने आहेत, इतिहासाच्या क्रमाने नाहीत.

७ एप्रिल २०२५ : कालरेषेचा सांगाडा

१.४ आवृत्ती ५ एप्रिलला आली, त्यामुळे यादीचं शेवटचं टोक हाती आलं. आता यादी अशी : घोषणा २९ जून १९९४, पहिली अल्फा १६ सप्टेंबर १९९४, 'ऑरलँडो' नावाची पहिली बीटा मार्च १९९८, नववी बीटा सप्टेंबर २००४, १.० आवृत्ती ३ सप्टेंबर २००६, १.१ आवृत्ती २ जानेवारी २०१२, १.२ आवृत्ती २५ डिसेंबर २०१६, १.३ आवृत्ती २० फेब्रुवारी २०२२.

पहिल्या अल्फापासून १.० पर्यंत बारा वर्षं गेली म्हणून प्रकल्पाला आळशी म्हणण्याची पद्धत आहे. ते बरोबर नाही. साध्या प्रोग्रामपुरता डॉस बराच लवकर उभा राहिला. वेळ खाल्ला तो शेपटाने : फॅट३२ (फॅट म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचे तुकडे कुठे आहेत याचा तक्ता ठेवण्याची पद्धत), वरच्या मेमरीचे ड्रायव्हर, सीडी-रॉम आणि नेटवर्क, आणि मूळ डॉसच्या आतल्या अलिखित रचनांवर विसंबलेले जुने प्रोग्राम. १.० नंतरची पाच-पाच वर्षांची अंतरं मात्र वेगळ्या कारणाची आहेत, त्याबद्दल पॅकेजच्या नोंदीत.

९ एप्रिल : १९९४

मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या तयारीत सुटा डॉस बंद होणार हे स्पष्ट केलं होतं, ६.२२ ही त्याची शेवटची स्वतंत्र आवृत्ती ठरली. जिम हॉल तेव्हा विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिव्हर फॉल्स शाखेत भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याने जाहीर केलेलं नाव होतं 'पीडी-डॉस', म्हणजे सार्वजनिक मालकीचा डॉस. कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली जाणार हे ठरल्यावर ते नाव चुकीचं ठरलं, कारण जीपीएलमध्ये लेखकाचा हक्क शाबूत राहतो. म्हणून 'फ्री-डॉस', आणि पुढे १९९६ च्या सुमारास मधली रेघही गेली.

घोषणेच्या वेळी हॉलजवळ काही छोट्या कमांड लिहून तयार होत्या. कर्नल नव्हता, कमांड इंटरप्रिटर (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) नव्हता. डॉसच्या बाबतीत अशी उलटी सुरुवात चालते, कारण प्रत्येक कमांड हा वेगळा प्रोग्राम असतो आणि तो मायक्रोसॉफ्टच्या डॉसवरही तपासता येतो. कुणी एकट्याने फाइल शोधणारी कमांड लिहावी, ती खऱ्या डॉसवर चालवून पाहावी आणि पाठवून द्यावी. बाकीचं काही तयार असण्याची गरज नाही. हौशी लोकांच्या हाती काम वाटून देण्यासाठी याहून सोयीची रचना मिळणं कठीण.

१४ एप्रिल : कर्नल कुठून आला

पॅट व्हिलानीने एम्बेडेड यंत्रांसाठी सी भाषेत लिहिलेला डॉससारखा कर्नल आधीच केला होता. त्याचं नाव डॉस-सी. तो त्याने प्रकल्पाला दिला. टिम नॉर्मनचा कमांड इंटरप्रिटर पुढे फ्रीकॉम झाला. दोन मोठे तुकडे असे बाहेरून तयार आले नसते तर अल्फा इतक्या लवकर निघाली नसती. कर्नलची धुरा नंतर जॉन प्राइस, जेम्स टेबर, बार्ट ओल्डमन आणि जेरेमी डेव्हिस यांच्याकडे गेली. व्हिलानी ऑगस्ट २०११ मध्ये वारला, १.१ निघण्याच्या काही महिने आधी.

सी भाषेत कर्नल लिहिल्याचा फायदा आणि तोटा दोन्ही आजही दिसतात. फायदा : असेंब्लीत मुरलेले नसलेले लोकही त्यात हात घालू शकले. तोटा : स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती मूल्यं ठेवायची मेमरी). डॉसचा कर्नल हाक मारणाऱ्या प्रोग्रामच्या स्टॅकवरून स्वतःच्या छोट्या स्टॅकवर जातो. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये असे तीन स्टॅक आहेत, प्रत्येकी ३८४ बाइटचे : अक्षरी उपकरणांसाठी, डिस्कसाठी आणि गंभीर चुकांसाठी. एवढ्या जागेत फंक्शनमध्ये १२८ बाइटचा स्थानिक ॲरे घेतला की तिथेच तिसरा हिस्सा गेला. वर दोन-तीन फंक्शनांची साखळी आणि मध्येच आलेला इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम सोडायला लावणारी हाक). त्यामुळे या कोडमध्ये पथनावांचे बफर जागतिक चलांत ठेवलेले दिसतात. नवख्याला ती वाईट सवय वाटते आणि तो 'नीटनेटकं' करायला जातो. करू नये.

१९ एप्रिल : बांधणी

लागणारी हत्यारं तीन : ओपन वॉटकॉम कंपायलर, नॅझम असेंब्लर आणि आकार आवळायला यूपीएक्स. लिनक्सवरून बांधायचं असेल तर १६ बिटी जीसीसीही चालतो.

क्रम असा. मूळ कोडमध्ये 'कॉन्फिग.बी' नावाचा नमुना असतो. त्याची प्रत 'कॉन्फिग.बॅट' नावाने काढायची. तिच्यात कंपायलर निवडायचा, नॅझम आणि यूपीएक्सचा पत्ता भरायचा, प्रोसेसर (८६, १८६ किंवा ३८६) आणि फॅट (१६ किंवा ३२) ठरवायचा. मग 'बिल्ड'. कंपायलर आधी साधी ईएक्सई फाइल देतो. 'एक्झफ्लॅट' नावाचं छोटं हत्यार तिचे पत्ते ठरलेल्या सेगमेंटला (मेमरीच्या पट्ट्याला) जुळवून सपाट फाइल करतं, आणि ती यूपीएक्समधून जाते.

तयार फाइलचं नाव वाचायला शिकावं. 'केडब्ल्यूसी३८६३२.सिस' म्हणजे के कर्नलचा, डब्ल्यूसी वॉटकॉमचा, ३८६ प्रोसेसर, फॅट३२ सह. '८६१६' शेपूट असलेली फाइल जुन्या ८०८६ प्रोसेसरवर चालणारी आणि फॅट३२ नसलेली. कुठल्याही बांधणीचं नाव 'कर्नल.सिस' करूनच डिस्कवर ठेवायचं असतं, त्यामुळे एकदा नाव बदललं की कोणती बांधणी कुठली हे बाहेरून कळत नाही. प्रत्येक इमेजसोबत मूळ नाव लिहिलेली मजकूर फाइल ठेवली आहे.

तपासणी : डॉसला आवृत्ती विचारणारी हाक, म्हणजे इंटरप्ट २१एच, फंक्शन ३०एच (एच म्हणजे आकडा षोडशमान, १६ च्या पायावरचा). प्रोसेसरच्या बीएच रजिस्टरमध्ये एफडी आलं तर उत्तर फ्रीडॉसचं. फॅट३२ असलेला कर्नल आवृत्ती ७.१० सांगतो, म्हणून 'मला डॉस ५ किंवा ६ च हवा' असं अडून बसणारे जुने प्रोग्राम बिथरतात. त्यांच्यासाठी डॉस सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या 'कॉन्फिग.सिस' मध्ये 'व्हर्जन' ही ओळ आहे.

२० एप्रिल : बूट सेक्टर, जवळून

ही नोंद लांबते आहे, पण हौशी लोकांनी किती अरुंद जागेत काम केलं ते इथेच सर्वांत स्पष्ट दिसतं.

बूट सेक्टर ५१२ बाइटचा. शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए या सहीचे, सुरुवातीला डिस्कच्या मापांचा तक्ता. उरलेल्या जागेत फाइल शोधून मेमरीत आणायचा सगळा प्रोग्राम. बायोस (यंत्र सुरू होताच चालणारा, बोर्डावरचा प्रोग्राम) हा सेक्टर ७सी०० या पत्त्यावर आणतो. फ्रीडॉसचा कर्नल मात्र सेगमेंट ६० वर, म्हणजे सरळ पत्ता ६०० वर चढतो (हे पत्ते षोडशमान). दोहोंमधलं अंतर दशमान ३०,२०८ बाइट. कर्नल आवळूनही त्याहून मोठा असतो, म्हणजे चढता चढता तो बूट सेक्टरलाच पुसून टाकणार. म्हणून बूट सेक्टर पहिलं काम करतो ते स्वतःची प्रत वर, १एफई० सेगमेंटमध्ये टाकून तिथे उडी मारण्याचं. मगच तो मूळ डिरेक्टरीत 'कर्नल.सिस' शोधतो. नावाची तुलना ११ अक्षरांची आणि बिंदूशिवाय : सहा अक्षरं, दोन रिकाम्या जागा, मग तीन अक्षरांचं शेपूट.

१.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत २,८८० सेक्टर : १ बूटचा, ९ अधिक ९ फॅटच्या दोन प्रतींचे, १४ मूळ डिरेक्टरीचे (२२४ नोंदी), बाकी २,८४७ डेटाचे. फॅट१२ मध्ये प्रत्येक नोंद दीड बाइटची. ३४१ क्रमांकाची नोंद सेक्टरच्या (शून्यापासून मोजून) ५११ व्या, म्हणजे शेवटच्या बाइटवर सुरू होते आणि अर्धी पुढच्या सेक्टरमध्ये जाते. फॅटचा एकेक सेक्टर वेगळा वाचणारा कोड नेमका इथे घसरतो, आणि लहान फाइलवर ही चूक कधीच दिसत नाही. उपाय साधा आहे : फॅट सलग मेमरीत घ्यायचा, नोंद क्रमांकाची दीडपट करून दोन बाइट उचलायचे, क्रमांक विषम असेल तर चार बिट उजवीकडे सरकवायचे, सम असेल तर वरचे चार झाकायचे.

फॅटची साखळी नीट धरल्यामुळे 'कर्नल.सिस' मूळ डिरेक्टरीत कितवीही असली आणि तिचे तुकडे विखुरलेले असले तरी चालतं. जुन्या डॉसचा 'सिस्टीम फाइल पहिलीच हवी' हा हट्ट इथे नाही.

सापळा : बूट सेक्टरचा कोड बदलून पुन्हा बांधला तरी डिस्कवर काहीच बदलत नाही. बूट सेक्टर 'सिस' या कमांडच्या पोटात भरलेले असतात. म्हणजे आधी 'सिस' पुन्हा बांधायची, मग ती डिस्कवर चालवायची.

२७ एप्रिल : अलिखित डॉस

साधे प्रोग्राम इंटरप्ट २१एच च्या जाहीर फंक्शनांवर भागवतात. सीडी-रॉम आणि नेटवर्कचे ड्रायव्हर तसं करत नाहीत. ते फंक्शन ५२एच ने 'यादींची यादी' मागतात आणि तिथून थेट कर्नलच्या आतल्या तक्त्यांत हात घालतात. डॉस ४ पासून चालू डिरेक्टरीच्या तक्त्यातली एका ड्राइव्हची नोंद ८८ बाइटची आहे, डॉस ३ मध्ये ८१ ची होती. उघड्या फाइलची नोंद ५९ बाइटची. नवा कर्नल लिहिताना हे तक्ते आपल्या सोयीने मांडता येत नाहीत. एक बाइट हलला की सीडीचा ड्रायव्हर कुरकुर न करता चढतो आणि ड्राइव्ह उघडल्यावर कचरा दाखवतो.

राल्फ ब्राउनची इंटरप्ट यादी नसती तर हे काम जवळपास अशक्य होतं. अनेकांनी आपापल्या प्रोग्रामच्या गरजेतून खोदून काढलेली माहिती तिथे बाइटच्या पातळीवर नोंदलेली आहे. प्रकल्पाच्या इतिहासात तिला सहयोगी म्हणूनच धरावं असं माझं मत.

३ मे : मेमरी

'कॉन्फिग.सिस' मध्ये 'डॉस=हाय' लिहूनही कर्नल खालच्या मेमरीतच राहतो, अशी तक्रार नेहमीची. वरच्या ६५,५२० बाइटच्या पट्ट्यात जायला एक्सएमएस ड्रायव्हर (१ मेगाबाइटपलीकडची मेमरी वापरू देणारा) लागतो. 'हायमेमएक्स' किंवा 'जेमएक्स' ची ओळ नसेल तर 'हाय' चा काही उपयोग नाही.

फ्रीकॉमचंही असंच. मायक्रोसॉफ्टचा इंटरप्रिटर दोन भागांत फुटतो आणि मोठा भाग प्रोग्राम चालू असताना पुसला गेला तरी चालतो. फ्रीकॉम फुटत नाही. त्याऐवजी एक्सएमएसमध्ये स्वतःला हलवणारी वेगळी बांधणी आहे. ती वापरली तर खाली थोडेच किलोबाइट अडतात. चुकीची बांधणी डिस्कवर असेल तर सगळं चालतं, फक्त मोठे खेळ 'मेमरी अपुरी' म्हणतात, आणि लोक दोष कर्नलला देतात.

'जेम' हा मेमरीचा ड्रायव्हर चढताना यंत्र गोठलं तर बहुधा त्याने एखाद्या कार्डाच्या रॉमचा पट्टा मोकळा समजून घेतलेला असतो. तो पट्टा 'एक्स=' ने वगळायचा. तोवर एफ८ दाबून ओळी एकेक करून चढवायच्या, म्हणजे कुठल्या ओळीवर अडतं ते कळतं.

एक सोय मुद्दाम नोंदवण्याजोगी : कर्नल आधी 'एफडीकॉन्फिग.सिस' शोधतो, ती नसेल तरच 'कॉन्फिग.सिस' वाचतो. त्यामुळे एकाच डिस्कवर जुना डॉस आणि फ्रीडॉस एकमेकांच्या वाटेत न येता राहू शकतात.

४ मे : विंडोज ३.१

फ्रीडॉसवर ते स्टँडर्ड मोडमध्ये चालतं. ३८६ एन्हान्स्ड मोड नेहमीच्या कर्नलवर चालत नाही, कारण तिथे विंडोज डॉसकडून आतल्या तक्त्यांची आणखी माहिती मागतं आणि प्रत्येक डॉस खिडकीला त्यातल्या काहींची वेगळी प्रत देऊ पाहतं. 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स' ३.११ मधून स्टँडर्ड मोड काढलेला आहे, तेव्हा चाचणीसाठी ते घेऊ नये.

१० मे : डिस्कची मापं

एका एम्युलेटरमध्ये (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) केलेली हार्ड डिस्कची इमेज दुसऱ्यात उघडली की कर्नल 'संशयास्पद पार्टिशन' असा इशारा देतो. कारण पार्टिशन तक्त्यातले सिलिंडर-हेड-सेक्टरचे आकडे आणि कर्नलने स्वतः मोजलेले आकडे जुळत नाहीत. इशारा दिसला आणि डिस्क एलबीए पद्धतीने (सेक्टरना सलग क्रमांक देऊन) वाचली जात असेल तर सहसा निभावतं. जुन्या पद्धतीवर असेल तर त्या इमेजवर काहीही लिहू नये.

आकडे हाताशी असावेत : १,०२४ सिलिंडर, २५५ हेड, ६३ सेक्टर मिळून सुमारे ८.४ जीबी, त्यापलीकडे एलबीए हवंच. फॅट१६ ची हद्द ३२ किलोबाइटच्या क्लस्टरने २ जीबी. पार्टिशन केल्यावर यंत्र पुन्हा सुरू करणं टाळता येत नाही, कारण ड्राइव्हची अक्षरं कर्नल चढतानाच वाटली जातात. 'एफडिस्क' नंतर थेट 'फॉरमॅट' चालवणाऱ्याला 'ड्राइव्ह नाही' हे उत्तर याचमुळे येतं.

१७ मे : पॅकेज आणि माणसं

१.० आणि १.१ मध्ये पाच वर्षं चार महिने, १.१ आणि १.२ मध्ये जवळपास पाच. त्या काळात एकेका हत्याराचं काम बंद नव्हतं : मायकेल ब्रुटमनचा एमटीसीपी हा टीसीपी/आयपीचा संच, 'जेम' चे ड्रायव्हर, स्वतः कर्नल, सगळ्यांच्या नव्या आवृत्त्या येत होत्या. रखडत होतं ते हे सगळं एका सीडीवर बसवण्याचं, परवाने तपासण्याचं आणि इन्स्टॉलर चालता ठेवण्याचं काम. कमांड लिहिणारे पुष्कळ, जुळणी करणारा प्रत्येक वेळी एखाद-दुसरा. १.१ ची जुळणी बर्न्ड ब्लाउने केली, १.२ चा नवा इन्स्टॉलर जेरोम शिडेलचा. सुटे तुकडे ही या प्रकल्पाची ताकद, आणि आवृत्तीला उशीर होण्याचं कारणही तीच.

माटेउश व्हिस्टच्या 'एफडीएनपीकेजी' ने यातला बराच भार हलका केला. पॅकेज म्हणजे साधी झिप फाइल. आत ॲपइन्फो, बिन, डॉक, हेल्प, एनएलएस, सोर्स अशा डिरेक्टरी. ॲपइन्फोमध्ये एलएसएम नावाची मजकूर फाइल, तिच्यात शीर्षक, आवृत्ती, वर्णन, लेखक, परवाना. पॅकेज नाकारलं जाण्याची किंवा अर्धवट बसण्याची कारणं ठरलेली : लिनक्सवर झिप करताना आत गेलेली लांब नावं (आठ अधिक तीन अक्षरांतच बसायला हवं), बॅच फाइलच्या ओळींचा शेवट डॉसच्या पद्धतीचा नसणं, एलएसएम फाइलचं नाव पॅकेजच्या नावाशी न जुळणं. मूळ कोडमध्ये लांब नावं असतील तर तो कोड वेगळा झिप करून सोर्समध्ये ठेवायचा.

भाषांतरासाठी हॉलची 'कॅट्स' लायब्ररी आणि तिचं धाकटं रूप 'किटन'. संदेश प्रोग्राममध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये, '१.१:' असा संच आणि क्रमांक देऊन. 'लँग' चलात भाषेचं अक्षरचिन्ह, 'एनएलएसपाथ' मध्ये फाइलचा पत्ता. भाषांतराची फाइल सापडली नाही तर प्रोग्राम आतला इंग्रजी मजकूर छापतो, म्हणून पत्ता चुकल्याचा कुठलाच इशारा मिळत नाही. देवनागरी इथे बसत नाही : टेक्स्ट मोडमध्ये साधारण २५६ अक्षरचित्रं, आणि जोडाक्षरं जुळवणारं कुणी नाही.

२४ मे : मूळ डॉसचा कोड आणि परवाने

२०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या डॉसचा कोड संगणक इतिहास संग्रहालयामार्फत वाचायला खुला केला, पण परवाना बंधनाचा होता. तो कोड वाचलेल्यांनी फ्रीडॉससाठी कोड लिहू नये अशी भूमिका तेव्हा हॉलने घेतली. २०१८ मध्ये १.२५ आणि २.० या आवृत्त्या एमआयटी परवान्याखाली आल्या, एप्रिल २०२४ मध्ये ४.०० सुद्धा. एमआयटी परवाना जीपीएलशी जुळतो, त्यामुळे या आवृत्त्यांपुरती अडचण संपली. व्यवहारात फायदा थोडाच : २.० पेक्षा फ्रीडॉस कितीतरी पुढे आहे, आणि ४.०० चा उपयोग मुख्यतः आतल्या तक्त्यांची पडताळणी करण्यापुरता. कालरेषेत प्रत्येक कोडसोबत परवान्याचा स्तंभ जोडला.

१ जून : चालवायचं कुठे

बायोसचे इंटरप्ट हे डॉसचे पाय. नुसतं यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) असलेल्या, जुन्या बायोसची सोबत काढून टाकलेल्या यंत्रावर फ्रीडॉस थेट बूट होत नाही. पेन ड्राइव्ह कितीही नीट केलेला असो. रुफससारख्या हत्याराने केलेला फ्रीडॉसचा पेन ड्राइव्ह फर्मवेअर बदलायला घेण्याआधी हे पाहून घ्यावं. सेटअपमध्ये 'सीएसएम' किंवा 'लेगसी' चा, म्हणजे जुन्या बायोससारखं वागण्याचा पर्याय आहे का, आणि असेल तर 'सिक्युअर बूट' बंद केल्याशिवाय तो उघडतो का.

ज्यांच्याकडे असं यंत्र नाही त्यांच्यासाठी इमेज क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये चालतील अशा ठेवल्या आहेत : ३२ मेगाबाइट मेमरी, आयडीई डिस्क, साधं व्हीजीए कार्ड आणि एमटीसीपीसाठी एनई२००० नेटवर्क कार्ड. मेमरी याहून वाढवून डॉसला काही मिळत नाही, उलट काही जुने प्रोग्राम ६४ मेगाबाइटच्या वरचा आकडा पाहून गोंधळतात. ८६१६ बांधणीची फ्लॉपी वेगळी ठेवली आहे. ती खऱ्या ८०८६ वर तपासायची राहिली आहे. क्यूईएमयूचा प्रोसेसर ३८६ च्या खाली उतरत नाही, तेव्हा तिथे ती बूट झाल्याने काहीच सिद्ध होत नाही.